खिशातल्या चाकूचा हिशेब

पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर आलेल्या माणसाने नव्या वस्तूचा लोभ धरू नये, असा उपदेश आम्ही आजवर अनेकांना केला आहे. ज्यांना केला त्यांनी तो मानला नाही, याचे आम्हांला त्या त्या वेळी वाईटही वाटले. यंदाच्या श्रावणापासून ते वाईट वाटणे थांबले आहे. श्रावणात एका घडीच्या चाकूने आमच्या मनात घर केले आणि दसरा उजाडेपर्यंत ते सोडले नाही. चाकू घ्यावा की न घ्यावा, एवढाच काय तो प्रश्न; पण घर बांधताना केला नव्हता एवढा विचार आम्ही त्याच्यापायी केला. तो विचार कोणत्या वाटेने गेला आणि कोठे जाऊन थांबला, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

आमचा पुतण्या बरीच वर्षे अमेरिकेत आहे. दिवाळीला तो बडोद्यास येणार, म्हणून नेहमीप्रमाणे त्याने दूरध्वनीवर विचारले, "काका, तुमच्यासाठी काय आणू?" दर खेपेस आमचे उत्तर ठरलेले असते : "तू ये, म्हणजे झाले." या खेपेस मात्र जीभ घसरली. "एका हाताने उघडणारा चाकू मिळतो का रे तिकडे?" असे आम्ही विचारून बसलो. पलीकडे क्षणभर शांतता. मग त्याच्या आवाजात जो उत्साह संचारला, त्यावरून कळले की आम्ही नेमक्या माणसाला नेमका प्रश्न विचारला आहे. चाकू हा त्याचा कित्येक वर्षांचा छंद निघाला. दुसऱ्याच दिवशी त्याने चित्रांसह सविस्तर माहिती धाडली. चाकूचे नाव 'सेबेन्झा'. किंमत चारशे डॉलरांच्याही वर. आपल्या हिशेबात पस्तीस हजार रुपये तरी.

सौभाग्यवतींनी आकडा ऐकला आणि शेंगा सोलता सोलता त्या म्हणाल्या, "अहो, तेवढ्यात पेरू कापून द्यायला माणूस ठेवता येईल." आम्ही गप्प राहिलो. गप्प राहण्याचे कारण सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल.

आमचे वडील, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणत असू, ते बडोदे संस्थानच्या रेल्वेत नकाशे काढण्याच्या कामावर होते. ओखामंडळ तेव्हा गायकवाडांच्या राज्यात मोडे. ओखा बंदराकडे काही महिने नेमणूक असताना एका कच्छी सहकाऱ्याने त्यांना अंजारचा घडीचा चाकू आणून दिला. कच्छमधील अंजार हे गाव सुडी-चप्पूंसाठी, म्हणजे आपल्या भाषेत अडकित्ते आणि चाकू यांच्यासाठी, पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात त्या गावाची वाताहत झाली. पण तेथला हा धंदा टिकून राहिला. दादांच्या चाकूची मूठ पितळी, पाते साध्या पोलादाचे, चार बोटे लांब. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, दादांचे साहेब बदलले, पगाराचे कागद बदलले. खिशातला चाकू तोच राहिला.

त्या चाकूने दादा पेन्सिलीला टोक करीत. नकाशा काढणाऱ्याची पेन्सिल गोल टोकाची नसते, ती पटाशीसारखी चपटी करावी लागते, म्हणजे रेघ शेवटपर्यंत सारख्या जाडीची येते. लाकूड चाकूने उतरवून शिसे काचकागदावर घासण्याचा तो विधी आम्ही लहानपणी मांडीला मांडी लावून पाहत असू. त्याच चाकूने पाकिटे उघडली जात, गुलाबाच्या काड्या छाटल्या जात, आणि संध्याकाळी कामाटीबागेतल्या बाकावर मित्रमंडळींत पेरू कापला जाई. फोड आधी दुसऱ्याला, शेवटची स्वतःला, हा दादांचा शिरस्ता. दादा गेल्यावर चाकू आमच्या खिशात आला आणि शिरस्ताही आला. बाक मात्र दोनदा बदलला.

दीड वर्षापूर्वी आम्हांला पक्षाघाताचा सौम्य झटका आला. 'सौम्य' हा डॉक्टरांचा शब्द. बोलणे शाबूत राहिले, पाय महिन्या-दोन महिन्यांत वळणावर आला. डावा हात मात्र अर्धाच परतला. तांब्या धरता येतो, दोरा धरता येत नाही. अंगठा आणि तर्जनी एकमेकांना भेटतात, पण त्या भेटीत जोर नसतो. दादांच्या चाकूच्या पात्यावर नखाने ओढण्यासाठी एक बारीक खाच आहे. तीत नख अडकवून पाते बाहेर काढायला एक हात मुठीला आणि एक पात्याला लागतो. हे आम्हांला सत्तर वर्षे माहीत होते, पण कळले नव्हते.

एकदा आम्ही दातांनी पाते ओढून पाहिले. सौ. नेमक्या त्याच वेळी खोलीत आल्या. त्या काही बोलल्या नाहीत. चाकू काढून घेऊन त्यांनी तो कपाटात ठेवला. रक्त पातळ राखण्याची गोळी चालू असलेल्या माणसाने धारेशी खेळू नये, हे त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हतेच. तेव्हापासून पेरू, सफरचंद, चिकू सारे वाटीत कापून समोर येऊ लागले, वर एक काटा टोचलेला. फळ तेच, खंडेराव मार्केटातलेच. पण वाटी समोर आली की आम्ही 'नंतर खातो' म्हणू लागलो, आणि ते नंतर अनेकदा येईना.

तेव्हा वाचकांच्या ध्यानात आले असेल की आम्हांला चाकू हवा होता तो ऐट म्हणून नव्हे. अर्थात ऐट मुळीच नव्हती असे लिहिले तर तेही खोटे होईल.

एवढी मोठी रक्कम मोजण्याआधी वस्तू समजून घ्यावी, म्हणून आम्ही अभ्यासाला बसलो. घडीच्या चाकूंचे जग आम्हांला वाटले होते त्यापेक्षा बरेच मोठे निघाले. फ्रान्सच्या सावॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० साली लाकडी मुठीचा साधा चाकू घडवला. तो जवळजवळ त्याच रूपात आजही निघतो. उघडलेले पाते अडवून धरणारे फिरते कडे त्याला १९५५ साली मिळाले. स्वित्झर्लंडमधील इबाख गावी कार्ल एल्सेनर यांनी १८८४ साली कारखाना काढला, १८९१ साली स्विस सैन्याला पहिले चाकू पुरवले आणि १८९७ साली ज्याला जग आज 'स्विस नाइफ' म्हणून ओळखते त्या चाकूची नोंदणी केली. १९०९ साली त्यांची आई व्हिक्टोरिया निवर्तली, तेव्हा तिचे नाव त्यांनी मालाला दिले. पुढे १९२१ साली गंज न धरणाऱ्या पोलादाचे 'इनॉक्स' हे नाव त्याला जोडले गेले आणि 'व्हिक्टोरिनॉक्स' झाले. आईच्या नावाचा चाकू! आपल्याकडे आईच्या नावाने लोणची-पापड निघतात. चाकूही निघू शकतो हे वाचून आम्हांला बरे वाटले.

पुतण्याचा चाकू मात्र या दोघांहून निराळ्या जातीचा. दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेल्या ख्रिस रीव्ह यांनी तो १९९० च्या सुमारास घडवला. 'सेबेन्झा' या झुलू शब्दाचा अर्थ 'काम'. मूठ टायटॅनियमची, तिच्याच एका बाजूला चीर देऊन एक जीभ मोकळी केलेली असते. पाते पूर्ण उघडले की ती जीभ आत सरकते आणि पात्याच्या टाचेमागे बसते. मग पाते आपणहून मिटत नाही. पात्यावर अंगठ्यासाठी बोंड असते, त्याला रेटा दिला की एकाच हाताने चाकू उघडतो. जोडणी इतकी नेमकी, की पाते कोठे डुलत नाही आणि कोठे अडतही नाही. मोठ्या किमतीचा मोठा वाटा या नेमकेपणाचा असतो. शेवटचा केसभर फरक घालवण्यात कारागिराचा सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि वेळेचे पैसे पडतात.

दुसरा वाटा पोलादाचा. अलीकडे या चाकूंना 'मॅग्नाकट' नावाचे पोलाद वापरतात. लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने ते सिद्ध केले आणि २०२१ साली ते बाजारात आले. वितळलेल्या पोलादाचा वायूच्या झोताने फवारा उडवून त्याची भुकटी करतात. प्रत्येक कण झटक्यात थंड होतो, त्यामुळे आतले कठीण स्फटिक बारीक आणि सारखे विखुरलेले राहतात. मग ती भुकटी उष्णतेत आणि दाबाखाली पुन्हा एकजीव करतात. अशा पोलादाची धार पुष्कळ दिवस टिकते, ते लवकर तुकत नाही आणि सहसा गंजतही नाही. कठीणपणा मोजण्याच्या रॉकवेल मापात स्विस चाकूचे पोलाद ५६ च्या आसपास, तर हे ६० च्याही पुढे.

एवढे वाचून झाल्यावर आमच्यातला कारकून जागा झाला. पस्तीस हजार रुपये आणि दहा वर्षांचा वापर धरला तर रोजचे साडेनऊ रुपये पडतात. साडेनऊ रुपयांत हल्ली चहाही येत नाही! हा हिशेब आम्ही विजयी मुद्रेने सौ.ना दाखवला. त्यांनी तो वाचला आणि विचारले, "दहा वर्षे कोणी धरायला सांगितली?" वर्षांनी भागले की कोणतीही महाग वस्तू स्वस्त होते, पण भागाकारातला भाजक आपल्या हाती नसतो, ही गोष्ट हिशेब मांडणारा सोयीने विसरतो. कागद आम्ही घडी करून ठेवून दिला.

मग आम्ही एकेका गुणाची आमच्या गरजेशी गाठ घालून पाहिली. धार पुष्कळ दिवस टिकते, हे खरे. दिवसभर खोकी फोडणाऱ्याला किंवा दोरखंड कापणाऱ्याला त्याचे मोल मोठे. आम्ही कापणार दिवसाला दोन पेरू आणि आठवड्याला तीन पाकिटे. शिवाय तेवढे कठीण पोलाद बोथट झाले की त्याला हिऱ्याच्या भुकटीचा निसणा सोयीचा पडतो. आमच्या गल्लीत सायकलीवर चाक घेऊन येणाऱ्या सराणियाच्या दगडाला ते सहज दाद देणार नाही, आणि कोरड्या चाकावर धरून तापवले तर पात्याचे पाणीच उतरायचे. मात्र दुसरीही बाजू होती. ज्याचा एक हात कमी आहे त्याला वारंवार धार लावता येत नाही. त्याच्यासाठी टिकाऊ धार ही चैन ठरत नाही. येथे पारडे पुन्हा चाकूकडे झुकले.

तिसरा गुण खटक्याचा. दादांच्या चाकूला खटका नाही; पाठीच्या कमानीचा ताण पाते उघडे राखतो. चुकून उलटा दाब पडला तर पाते बोटांवर मिटू शकते, आणि आमच्या गोळीच्या दिवसांत तसे होणे परवडणारे नव्हते. गंमत अशी, की आम्ही ज्याला सुरक्षितता समजत होतो त्याच गुणावर इंग्लंडचा कायदा बोट ठेवतो. तेथल्या १९८८ च्या कायद्याप्रमाणे तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा घडीचा चाकू कारण न सांगता जवळ बाळगता येतो. पण उघडल्यावर पाते पक्के अडकणारा चाकू त्या सवलतीत बसत नाही. आपल्याकडे खटका म्हटले की रामपुरी आठवतो. हिंदी चित्रपटांनी त्या गावाच्या कारागिरीची गुंडांशी अशी गाठ मारून दिली, की अजून ती सुटत नाही. "बागेतल्या बाकावर खट्‌कन चाकू उघडलात, तर लोक पेरू घ्यायला थांबतील का?" हा सौ.चा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेला. पण तो मनात राहिला.

वाचून ठरेना, तेव्हा प्रत्यक्ष हाताळून पाहावे असे ठरले. पुतण्याच्या ओळखीच्या एका तरुणाकडे तोच चाकू होता. एका रविवारी आम्ही दोघे त्याच्या घरी अलकापुरीत गेलो. जाताना पिशवीत दोन पेरू घेतले होते. खरी परीक्षा पेरूवरच व्हायला हवी होती.

चाकू हातात घेतला तेव्हा खरेच सांगतो, वादच मिटला असे वाटले. वजन जेथे हवे तेथेच होते. अंगठ्याने रेटा दिला आणि पाते संथपणे, कोठेही न कचरता बाहेर आले. शेवटी एक लहानसा आवाज झाला. दीड वर्षानंतर आमच्या हाताने कोणाच्याही मदतीवाचून चाकू उघडला होता. डोळ्यांत काही तरी आले म्हणून आम्ही चष्मा पुसला.

मग पेरू बशीत ठेवला आणि पाते टेकवले. पेरू फिरला. पुन्हा सरळ करून टेकवले; पेरू निसटून बशीबाहेर गेला आणि मेजावरून खाली. तरुणाने तो धावून उचलला. डाव्या हाताने धरू पाहिला, तर बोटांत जोर नाही आणि धार बोटांच्या अगदी जवळ. सौ.च्या श्वासाचा आवाज आम्हांला ऐकू आला. शेवटी आम्ही चाकू मिटायला घेतला, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. जीभ बाजूला सारायला अंगठा पात्याच्या वाटेतच न्यावा लागतो. सरावाने ते जमते. तरुणाने दहा वेळा करून दाखवले. आमच्या अंगठ्याला ते धाडस झाले नाही. आडव्या कांडीच्या खटक्याचे दुसरे चाकू असतात, त्यांत बोट पात्याच्या वाटेत येत नाही आणि किंमतही पुष्कळ कमी असते, असे तो तरुण म्हणाला. आम्ही मान हलवली. पण लक्ष त्या पेरूकडे होते.

दीड महिना आम्ही चाकू एका हाताने उघडेल का, हाच विचार करीत होतो. पेरू एका हाताने कापला जाईल का, हे आमच्या मनातही आले नव्हते. दादा पेरू कापीत तेव्हा आम्ही त्यांच्या उजव्या हाताकडेच पाहत असू. डावा हात पेरू धरून बसलेला असे, त्याच्याकडे कोण पाहतो!

परतताना रिक्षात बराच वेळ कोणी बोलले नाही. सूरसागर आला तेव्हा सौ. म्हणाल्या, "घ्यायचा असेल तर घ्या. माझ्या ठेवीचे व्याज आलेले आहे." आम्ही चकित होऊन त्यांच्याकडे पाहिले. त्या बाहेर पाहत होत्या. "वाटीत कापून दिलेले तुम्हांला गोड लागत नाही, ते कळते मला," त्या म्हणाल्या, "पण दातांनी चाकू उघडताना पाहिले, तेव्हा माझे काय झाले ते तुम्हांला कळले नाही."

ते खरे होते. आमच्या हिशेबाच्या कागदावर पोलाद होते, खटका होता, डॉलरचा भाव होता; त्यांची धास्ती कोठेच मांडलेली नव्हती. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात एका खर्चाच्या बाबतीत त्या आमच्या बाजूने झाल्या आणि नेमक्या त्याच क्षणी तो खर्च करण्याची आमची इच्छा ओसरली, असे काहीसे झाले. कारण त्या ज्यासाठी व्याज देऊ करीत होत्या, ते त्या चाकूने मिळणार नव्हते, हे आम्ही दोघांनीही थोड्या वेळापूर्वी पाहिले होते.

हाताचा व्यायाम करवून घेण्यासाठी आमच्याकडे एक बेन येतात. त्यांना ही हकीकत सांगितली तेव्हा त्या हसल्या. "पेरूला कोणी तरी धरायला हवे ना," त्या म्हणाल्या, "मग खिळ्यांना धरू द्या." एका हाताने काम करणाऱ्यांसाठी खिळ्यांचा पाट असतो. लाकडी फळीतून न गंजणारे दोन खिळे टोके वर करून काढलेले; फळ त्यांवर दाबून बसवायचे, म्हणजे ते फिरत नाही. फळीच्या कोपऱ्याला उभ्या दोन पट्ट्या. पोळी किंवा पाव त्या कोपऱ्यात रेटला की सरकत नाही. खालून रबराची चकती. हे ऐकताच सौ. म्हणाल्या, "म्हणजे विळीच की!" आम्ही क्षणभर थांबलो आणि मग पटले. विळीचे पाते स्थिर असते आणि भाजी हलते. येथे फळ स्थिर आणि पाते हलते. कोणी तरी एकाने जागेवर बसायचे, म्हणजे दुसऱ्याला एका हाताने काम करता येते. आम्हांला जमिनीवर बसता येत नाही म्हणून विळी वर्ज्य झाली होती. तिचे तत्त्व वर्ज्य व्हायचे कारण नव्हते.

वाडीतल्या एका वृद्ध मिस्त्रीने सागाच्या तुकड्याचा पाट करून दिला. मजुरी आणि खिळे धरून दोनशे रुपये. तो द्यायला आला तेव्हा आमचा जुना चाकू मेजावर होता. त्याने तो उघडला, मिटला, पुन्हा उघडला, आणि आमच्या डाव्या हाताकडे पाहिले. मग काही न विचारता पिशवीतून एक चपटी पोलादी पट्टी काढली आणि पाटाच्या कडेला अशी ठोकली, की तिची पातळ कड जेमतेम बाहेर राहिली. चाकूच्या पात्यावरची नखाची खाच त्या कडेत अडकवून मूठ उजव्या हाताने ओढली, पाते उघडले. मिटायला पात्याची बोथट पाठ मेजाच्या कडेला टेकवून मूठ खाली दाबायची, बोटे मुठीच्या पाठीवर. सत्तर वर्षांत कमान सैलावली होती, तिचाही येथे उपयोगच झाला. "नख गयुं, तो नख बनावी आप्युं," म्हाताऱ्याने एवढेच म्हटले. नख गेले, तर नख करून दिले. त्याचे वेगळे पैसे त्याने घेतले नाहीत.

खटका नसलेल्या चाकूची आमची भीतीही पाटावर निवाली. सरळ खाली दाबून कापताना जोर धारेवर येतो आणि तो पाते उघडेच राखतो; पाते मिटण्याचा धोका असतो तो टोकाने भोसकताना किंवा पाठीवर दाब पडला तर. ती दोन कामे आम्ही सोडून दिली आहेत. सराणियालाही चाकू दाखवला. पाते झिजून अर्ध्या रुंदीचे झाले आहे. "आ तो घसाई गयो, काका," तो म्हणाला, आणि चाकावर न धरता दगडावर हाताने पाणी टाकून चार हलके फेरे दिले. या वयात चाकूलाही तेवढेच सोसते.

मग पुतण्याला पत्र लिहिले. दूरध्वनीवर सांगितले असते तर त्याने समजूत घातली असती आणि आम्ही ती घालून घेतली असती. त्यात आम्ही लिहिले, की चाकू उत्तम आहे आणि त्याची किंमत अवाजवी नाही. ज्याचे हात धड आहेत, ज्याला रोज दहा कामांना चाकू लागतो, जो तो हरवला तर आठवडाभर उपाशी झोपणार नाही, आणि ज्याला नेमक्या कारागिरीत आनंद आहे, त्याने तो जरूर घ्यावा. ज्याला फक्त कापायचे आहे, त्याने काही शे-हजारांतला साधा चाकू घेऊन त्याला धार लावायला शिकावे. कापण्याचे काम पोलादाच्या नावापेक्षा धारेमागचे पातळ पाते अधिक करते. आणि घेण्याआधी आपले काम नेमके कोठे अडते, ते एकदा करून पाहावे. आमचे जेथे अडले होते असे आम्हांला वाटले, तेथे ते अडलेलेच नव्हते.

यंदाच्या खंडेनवमीला सौ.नी देवासमोर पाट मांडला. दादा त्या दिवशी आपली मोजपट्टी, कंपास आणि चाकू पूजेला ठेवीत. ती रीत आम्ही चालवीत आलो आहोत. गेल्या वर्षी चाकू कपाटातच राहिला होता. या वर्षी तो निघाला, आणि त्याच्या शेजारी खिळ्यांची फळीही आली. विळीला, चाकूला आणि त्या फळीला सारखेच कुंकू लागले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फळी पिशवीत घालून आम्ही कामाटीबागेत गेलो. दसऱ्याची सोने वाटणारी गर्दी होती. बाकावर आमचे तिघे सोबती होते. पेरू खिळ्यांवर बसवला, खाच पट्टीत अडकवली, चाकू उघडला. पहिली फोड वाकडी आली. ती शेजारी दिली. फोडी पूर्वीसारख्या सारख्या येत नाहीत, वेळही दुप्पट लागतो. कोणी घाई केली नाही. शेवटची फोड आम्ही घेतली. मग तीही अर्धी करून सौ.साठी घरी नेली.

त्या दुसऱ्या चाकूची आठवण अजून येते. पाते बाहेर येताना झालेला तो लहानसा आवाज मधूनच कानात होतो. दिवाळीला पुतण्या येईल तेव्हा त्याच्या खिशात त्याचा स्वतःचा असणारच. तो आम्ही मागून घेऊ, दोन-चारदा उघडू आणि मिटण्यासाठी त्याच्या हाती परत देऊ.